काठी, भिंग की मोबाईल? आधी दिनक्रम बघा

शिबिरात मिळतं म्हणून साहित्य घेऊ नका. दृष्टिबाधित माणसाला आधी विचारा, कोणतं काम दुसऱ्यावाचून अडतं? घरच्यांना नंतर विचारा. ते बहुधा 'काही अडत नाही, आम्ही आहोत ना' असंच म्हणतात.

मग सोबत चालून बघा. घरापासून वावरापर्यंत, किराणा दुकानापर्यंत, एकदा भर उन्हात आणि एकदा दिवेलागणीला. काहींना उन्हात डोळे दिपून दिसेनासं होतं, त्यांना टोपी नि रंगीत चष्म्याने बराच आराम पडतो. थोडंफार दिसत असेल तर आधी नेत्रतज्ज्ञाकडे न्या. मोतीबिंदू असेल तर भिंग कशाला?

पांढरी काठी साधारण छातीच्या हाडापर्यंत यावी. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात बारीक टोक रुततं, म्हणून चिखलातच चालवून पाहा आणि रुंद टोक मिळतं का विचारा. गुळगुळीत फरशीवरची चाचणी इथे काय कामाची!

अँड्रॉइड मोबाईल घरात असेल तर त्यातलं टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं बोलून वाचून दाखवणारी सोय, फुकट आहे; मराठी आवाज निवडून फोन लावायला शिकवा. नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं 'मनी' अ‍ॅप आहे, एकदा टाकलं की इंटरनेट नसतानाही चालतं. मात्र ज्या आजीला फक्त नोटा ओळखायच्यात, तिला बोटांनी नोटेची लांबी मोजायला शिकवा: 500 ची 150 मिलिमीटर, नव्या 100 ची 142.

दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा जा. काठी खुंटीलाच टांगलेली दिसली तर रागावू नका, कारण विचारा.