चाळिशीनंतर जुन्या स्वप्नाकडे वळताना राजीनाम्याआधी करायची कामं

विशीत मनात धरलेलं एखादं काम असतं: वैमानिक व्हायचं होतं, लाकडात काम करायचं होतं, लिहायचं होतं. मग नोकरी लागली, हप्ते सुरू झाले आणि ते मागे पडलं. पंचेचाळिशीच्या आसपास ते पुन्हा डोकं वर काढतं. अशा वेळी सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आधी राजीनामा देऊन नंतर विचार करणं. हिशेब, चाचणी आणि शिक्षणाचा बराचसा भाग नोकरीत असतानाच उरकता येतो. त्याला साधारण दीड ते दोन वर्षं लागतात, तेवढी धरूनच चाला.

पळायचंय की पोहोचायचंय?

आधी एक खात्री करून घ्या. साहेबाशी वाजलंय, बढती हुकलीय किंवा झोप पुरी होत नाहीये म्हणून जुनं स्वप्न गोड वाटतंय का? सलग दोन आठवडे रजा घ्या. पहिला आठवडा नुसता विश्रांतीचा. दुसऱ्या आठवड्यात रोज चार तास ते स्वप्नातलं काम करा. विश्रांतीनंतर ओढ ओसरली, तर दुखणं नोकरीचं आहे. ते खातं बदलून किंवा दुसऱ्या कंपनीत जाऊनही बरं होतं आणि स्वस्तात होतं.

स्वप्नातला मंगळवार मांडा

स्वप्न आपण बहुतेक वेळा प्रेक्षकाच्या खुर्चीतून पाहिलेलं असतं. तयार टेबल दिसतं, ते घासताना नाकातोंडात गेलेला भुसा दिसत नाही. म्हणून त्या कामातला एक साधा मंगळवार तासातासाने कागदावर लिहा. तो स्वतःच्या मनाने लिहू नका. ते काम करून पोट भरणाऱ्या पाच जणांना विचारा. त्यातला एक तरी ते काम सोडून गेलेला हवा, कारण खरी माहिती बहुधा त्याच्याकडून मिळते.

‘हे काम आवडतं का?’ या प्रश्नाला सगळे हो म्हणतात. त्याऐवजी असं विचारा: काल दिवसभरात काय काय केलं? गेल्या वर्षी कोणत्या महिन्यात काम नव्हतं? पैसे थकवणारं गिऱ्हाईक कसं ओळखता? पहिलं अनोळखी गिऱ्हाईक कुठून आलं? कमरेला, डोळ्यांना, घशाला काय त्रास झाला? आता त्या मंगळवारातले कंटाळवाणे तास मोजा. ते निम्म्याहून जास्त असले म्हणून घाबरायचं कारण नाही, बहुतेक धंद्यांत तसंच असतं. ते तास तुम्हाला सोसवतील का, एवढंच बघायचं.

बंद दारं आधी तपासा

काही कामांना वयाची, तब्येतीची किंवा परवान्याची अट असते. ही तपासणी फुकटात किंवा थोडक्यात होते, तरी लोक ती शेवटी करतात. वैमानिकाचंच घ्या. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार दोन वैमानिकांच्या विमानातून व्यावसायिक प्रवासी वाहतूक वयाच्या ६५ वर्षांपर्यंतच करता येते. व्यावसायिक परवान्यासाठी साधारण २०० तासांचं उड्डाण लागतं (मान्यताप्राप्त सलग अभ्यासक्रमात १५०) आणि विमान कंपनीत कप्तान होण्यासाठीच्या वरच्या परवान्याला १,५०० तास. म्हणजे ४५ व्या वर्षी सुरुवात करणाऱ्याला शिक्षण, नोकरीचा शोध आणि तास भरणं हे सगळं वजा जाता कमाईची किती वर्षं उरतात, हे बोटांवर मोजता येतं. त्यातही सगळ्यात आधी करायची ती पहिल्या श्रेणीची वैद्यकीय तपासणी. रंग ओळखण्यात किंवा हृदयाच्या आलेखात अडचण निघाली, तर ती फी भरण्याआधी निघालेली बरी.

दार बंद निघालं तरी शेजारचं उघडं असू शकतं. ज्याला विमानांत राहायचंय त्याला उड्डाण-नियोजन, जमिनीवरचं प्रशिक्षण किंवा हौशी परवाना हे रस्ते असतात.

पैसा महिन्यांत मोजा

‘थोडी बचत आहे’ हा हिशेब नव्हे. मागच्या तीन महिन्यांचा खरा खर्च बँकेच्या उताऱ्यावरून काढा. वर्षातून एकदाच येणारे खर्च (विम्याचे हप्ते, शाळेची फी, दुरुस्त्या, लग्नकार्यं) १२ ने भागून त्यात मिळवा. हे दुसरं पाऊल गाळल्यामुळे हिशेब आठव्या-नवव्या महिन्यात कोसळतात.

आता एक नमुना. आकडे रकमेचे नाहीत, प्रमाणाचे आहेत. समजा महिन्याचा सगळा खर्च १०० आहे आणि जोडीदाराच्या उत्पन्नातून ४० भागतात. दरमहा तूट ६० ची. सहा महिने पूर्णवेळ शिक्षण, कमाई शून्य: तूट ३६०. धंद्याच्या पहिल्या वर्षी सरासरी कमाई २० धरली, तर दरमहा ४० कमी पडतात, वर्षाचे ४८०. दुसऱ्या वर्षी कमाई ४५ पर्यंत गेली, तर दरमहा १५, म्हणजे १८०. बेरीज १,०२०. शिक्षणाची फी आणि हत्यारं मिळून २५०, झाले १,२७०. त्यावर चुकांसाठी चौथा हिस्सा वाढवा: सुमारे १,५९०. जवळपास सोळा महिन्यांचा पूर्ण खर्च हाताशी हवा.

हाताशी १,००० च असतील तर तूट ५९० ची. एक वर्ष थांबून दरमहा ३० बाजूला टाकले, की ३६० जमतात. शिक्षण पूर्णवेळ न घेता त्याच वर्षात संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी उरकलं, की सहा महिन्यांची ३६० ची तूटच उडते. दोन्ही मिळून ७२०, तूट भरून निघाली. कर्ज न काढता, नुसतं एक वर्ष थांबून.

निवृत्तीसाठी ठेवलेला पैसा या हिशेबात धरू नका. वर्षाला ८ टक्के वाढणारी रक्कम साधारण नऊ वर्षांत दुप्पट होते. ४५ व्या वर्षी तिथून काढलेला एक रुपया ६३ व्या वर्षी चार झाला असता. दुकान सजवायला हा पैसा वापरणं परवडत नाही.

बारा आठवड्यांची चाचणी

नोकरी चालू ठेवून आठवड्याला आठ ते दहा तास, असे बारा आठवडे. जवळपास शंभर तास भरतात. तास आधीच ठरवून टाका, ‘जमेल तसं’ म्हटलं की जमत नाही. रोज चार ओळींची नोंद ठेवा: किती वेळ, काय केलं, काय बिघडलं, का बिघडलं.

या काळात एक गोष्ट अनोळखी माणसाला पैसे घेऊन विकायची किंवा करून द्यायची. मित्र आणि नातेवाईक यात धरायचे नाहीत. ते कौतुकाने विकत घेतात आणि खोट काढत नाहीत. अनोळखी माणूस फळीचा कोपरा टोचतो म्हणून वस्तू परत करतो आणि त्यातून शिकायला मिळतं.

लाकडाची एक लहान तिपाई घ्या. नवशिक्याचा अंदाज असतो तेरा तासांचा: रंधून मापात आणणं पाच, सांधे सहा, चिकटवून शिकंज्यात आवळणं दोन. प्रत्यक्षात वही काय सांगते? लाकूड निवडून आणायला तीन तास गेले. रंधणं पाचच. सांध्यांना आठ, कारण एक काप रेषेच्या आत गेला आणि तो पाय नव्याने करावा लागला. चिकटवणं दोन. घासणं सहा, कारण घासायच्या जाड कागदावरून थेट बारीक कागदावर उडी मारली आणि पॉलिशचा पहिला हात बसल्यावर सगळे ओरखडे उठून दिसले. पॉलिशचे तीन हात चार तास. गिऱ्हाइकाशी बोलणं, फोटो, पोहोचवणं तीन. एकूण एकतीस. तेराचे एकतीस झाले, आकडेही अगदी उलटे. अनुभवाने एकतीसचे बावीस होतील, पण तेरा कधीच होणार नाहीत. दर तेरावर सांगितला असेल तर पदरचे घालून काम केलं.

दुसरी चूकही दराचीच. नोकरीत महिन्याचे १६० तास पगारी असतात, म्हणून लोक महिन्याची गरज १६० ने भागून तासाचा दर काढतात. स्वतःच्या धंद्यात पैसे मिळवून देणारे तास १०० च्या आसपास राहतात. बाकीचे दरपत्रकं, खरेदी, वसुली, हिशेब आणि दुरुस्ती खातात. गरज १०० ची असेल, तर तासाला १ मिळायला हवा. १६० ने भागलं तर ०.६२५ येतो आणि शंभर तास राबूनही ६२.५ च हाती पडतात. म्हणजे भरपूर काम असूनही महिनाअखेर ओढाताण. वर भाडं, वीज आणि हत्यारांची झीज वेगळी मिळवायची.

बारा आठवड्यांनंतर वहीला तीन प्रश्न विचारा. कंटाळा आलेल्या दिवशीही बसलात का? तीच चूक कमी होत गेली का? अनोळखी माणसाने पुन्हा काम दिलं किंवा कुणाला तरी तुमचं नाव सांगितलं का? तीनपैकी दोन हो असतील तर पुढे जा. एकच हो असेल तर आणखी बारा आठवडे.

शिकताना: अहंकार आणि डोळे

वीस वर्षं लोक तुमच्या सहीसाठी थांबत होते. आता पंचविशीतला मुलगा सांगणार, ‘हे पुन्हा करा.’ हे ज्याला झेपत नाही तो शिक्षण अर्धवट सोडतो आणि दोष अभ्यासक्रमाला देतो. शक्य असेल तर वर्गापेक्षा चालत्या कामाच्या जागी उमेदवारी करा, भले झाडलोट करावी लागो. दर कसा सांगतात, गिऱ्हाइकाला नाही कसं म्हणतात, हे वर्गात शिकवत नाहीत.

जमेची बाजूही आहे. वेळेवर येणं, पत्र नीट लिहिणं, रागावलेल्या माणसाशी शांतपणे बोलणं हे तुम्हाला येतं. नव्या धंद्यात अर्धी लढाई याचीच असते.

शरीराचं मात्र ऐका. चाळिशीनंतर जवळचं कमी दिसू लागतं. बारीक कामासाठी वाचायचा चष्मा पुरेलच असं नाही, कारण वाचायचं अंतर आणि कामाच्या बाकाचं अंतर वेगळं असतं. नेत्रतज्ज्ञाकडे जाताना ते अंतर टेपने मोजून न्या. दिवा हलवता येणारा घ्या आणि बाजूने पडणाऱ्या उजेडात काम तपासा. वरून पडणाऱ्या उजेडात ओरखडे लपतात.

घरात बोलायचं ते कागद घेऊन

‘माझं स्वप्न आहे’ या वाक्यावर जोडीदार काय बोलणार? त्याऐवजी वरचा हिशेब समोर ठेवा. कोणते खर्च किती महिने थांबतील, घरकामाची वाटणी कशी बदलेल, मुलांच्या कोणत्या खर्चाला हात लावायचा नाही आणि कोणत्या तारखेला दोघांनी मिळून फेरविचार करायचा, हे लिहून काढा. थांबायची रेषाही आत्ताच आखा: शिल्लक सहा महिन्यांच्या खर्चावर आली की पगारी काम शोधायला लागायचं, मग धंदा कितीही ‘आता चालणार’ असं वाटो. बुडत असताना ही रेषा कुणालाच आखता येत नाही.

पॉल गोगँ या चित्रकाराचं उदाहरण लोक धाडसाचं म्हणून देतात. १८८२ च्या बाजारपडझडीनंतर त्याने शेअरदलालीची वाट सोडली आणि पूर्णवेळ रंग हाती घेतले. पाच मुलांचा संसार होता. वर्ष-दोन वर्षांत घर बायकोच्या माहेरी कोपनहेगनला गेलं, मध्ये त्याने ताडपत्री विकून पाहिली आणि १८८५ मध्ये तो पॅरिसला परतला तो बायकोला मागे ठेवून. चित्रं अजरामर झाली, संसार मोडला तो मोडलाच. उलट टोकाला रशियन संगीतकार अलेक्झांडर बोरोदिन. हा रसायनशास्त्राचा प्राध्यापक होता आणि संगीतरचना उरलेल्या वेळात करत असे. अमेरिकन संगीतकार चार्ल्स आइव्ह्जनेही विम्याचा धंदा सांभाळून रचना केल्या. स्वप्नासाठी नोकरी सोडलीच पाहिजे असा काही नियम नाही, आणि आठवड्याचे पंधरा तास पुरत असतील तर न सोडणंच शहाणपणाचं.

राजीनाम्याचा क्रम

क्रम चुकला की नुकसान होतं. कुटुंबाचा आरोग्यविमा आधी स्वतःच्या नावाने घ्या, कारण कंपनीचा विमा शेवटच्या दिवशी संपतो आणि जुन्या आजारांना नव्या विम्यात थांबावं लागू शकतं. घरकर्जाची फेररचना करायची असेल तर पगारपत्रक हातात असतानाच. दात, डोळे, रक्ततपासण्या उरकून घ्या. नेमणूकपत्र काढून नोटिशीची मुदत आणि स्पर्धेतलं काम न करण्याची अट आहे का, ते वाचा. बोनस मिळायला महिनाच उरला असेल तर महिना थांबा. मग राजीनामा, दोन ओळींचा, कारणं न देता. अनुभवपत्र आणि देण्याघेण्याचा निपटारा लेखी घ्या. जाताना मनातलं बोलून टाकायचा मोह होतो, तो आवरा. जुना साहेब हे बऱ्याचदा पहिल्या वर्षातलं सर्वांत मोठं गिऱ्हाईक असतं.

पहिलं वर्ष

पहिली कामं ओळखीतून येतात, त्यामुळे सुरुवात छान वाटते. मग ओळखी संपतात आणि फोन वाजेनासा होतो. ही खाच जवळपास प्रत्येकाच्या वाट्याला येते. उपाय एकच: हाताला भरपूर काम असतानाच, पहिल्या आठवड्यापासून, दर आठवड्याचे पाच तास अनोळखी गिऱ्हाईक शोधायला राखून ठेवायचे.

बँक खातं वेगळं ठेवा. आलेल्या प्रत्येक रकमेतून कराचा हिस्सा त्याच दिवशी बाजूला काढा, वर्षअखेरीला तो खर्च झालेला असतो. मोठ्या कामाला आगाऊ निम्मी रक्कम घ्या. आगाऊ द्यायला कुरकुर करणारा उरलेली देतानाही कुरकुर करतो. दर महिन्याच्या शेवटी चार आकडे भिंतीवर लिहा: आलेली रक्कम, गेलेली रक्कम, पैसे मिळवून देणारे तास, अनोळखी गिऱ्हाइकं. चौथा आकडा सलग तीन महिने शून्य असेल, तर पहिला आकडा कितीही चांगला दिसो, फेरविचाराची तारीख अलीकडे ओढा.