बाळाची कॉट घेण्याआधी पलंगाला टेप लावा

पहिलं बाळंतपण बहुतेक वेळा माहेरी. दोन-तीन महिन्यांनी बाळ-बाळंतीण सासरी नाहीतर स्वतःच्या फ्लॅटवर येतात. पलंगाला लागून ठेवायची कॉट वापरात राहते जेमतेम पाच-सहा महिने, आणि तेवढ्यात घरं दोन, पलंगही दोन. माहेरचा जुना लाकडी पलंग गादीसकट दीड फूट, इकडचा बॉक्स बेड सव्वादोन फूट. दुकानात मात्र सगळे बघतात रंग, चाकं आणि मच्छरदाणी. एकाच कंपनीची कॉट एका पलंगाशी उत्तम बसते आणि दुसऱ्यापाशी धोक्याची होते. त्यामुळे खरेदीची सुरुवात दुकानातून नव्हे, आपल्या बेडरूममधून करायची.

‘बाळ येण्याआधी पाळणा घरात आणायचा नाही’ अशी रीत असेल तरी काही अडत नाही. मापं आठव्या महिन्यात घेऊन ठेवा, मॉडेल ठरवून ठेवा, ऑर्डर नंतर द्या. फक्त कॉट आल्यावर जोडणं, कापडी कव्हर धुणं आणि नव्या फोमचा वास जाण्यासाठी गॅलरीत ठेवणं यात दोन-तीन दिवस जातात, तेवढे हिशेबात धरा.

या कॉटची एक बाजू खाली होते आणि कॉट पट्ट्यांनी मोठ्या पलंगाला बांधली जाते. बाळ हाताच्या अंतरावर, पण स्वतःच्या जागेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या (अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिअ‍ॅट्रिक्स) २०२२च्या सूचनाही हेच सांगतात: पहिले किमान सहा महिने बाळाने आईवडिलांच्याच खोलीत झोपावं, पण वेगळ्या, सपाट आणि घट्ट जागेवर, पाठीवर. सिझेरियनच्या टाक्यांवर ताण न येता रात्री बाळाला जवळ ओढून घेता येतं, हा आईचा फायदा.

पलंगाची मापं

पहिलं माप उंचीचं. आई जिथे झोपणार तिथे, कडेजवळ, कोणालातरी बसवा आणि मग जमिनीपासून गादीच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावा. रिकाम्या गादीचं मापही लिहून ठेवा. कापसाच्या गादीत फार फरक पडत नाही, फोमची गादी मात्र दोन-चार सेंटिमीटर सहज दबते. कॉटची खाली केलेली कड या दोन मापांच्या मध्ये कुठेतरी, म्हणजे गादीच्या बरोबरीत आली पाहिजे.

इथे जाहिरातीतल्या आकड्यांनी गोंधळ होतो. ‘उंचीचे सहा टप्पे’ असं लिहिलेलं असतं, पण ती उंची कशाची? कधी बाळाच्या गादीची, कधी वर केलेल्या बाजूची. दुकानदाराला नेमकं विचारा: बाजू खाली केल्यावर तिची वरची कड जमिनीपासून सर्वांत कमी किती आणि सर्वांत जास्त किती सेंटिमीटर? उत्तर मिळालं नाही तर खिशातली टेप काढून तिथेच मोजा. दोन घरांसाठी घेत असाल तर दोन्ही पलंगांची मापं त्या कक्षेत बसायला हवीत.

कड गादीपेक्षा बरीच खाली राहिली तर मोठ्यांची उशी आणि पांघरूण घसरून बाळावर येतं. वर राहिली तर दूध पाजायला पलंगावर घेतलेल्या बाळाची मान त्या कडेवर टेकू शकते, आणि आईच्या हाताला रात्रभर काच बसतो तो वेगळाच.

आता एक गोष्ट, जिच्यावरून कॉट ‘डिफेक्टिव्ह’ म्हणून परत पाठवली जाते. युरोपच्या ईएन ११३० या मानकाच्या २०१९च्या आवृत्तीनुसार, बाजू खाली केल्यावरही ती कड बाळाच्या गादीपेक्षा किमान १२ सेंटिमीटर वर राहायला हवी. बाळ वळून किंवा सरकून मोठ्या पलंगावर जाऊ नये, यासाठी हा छोटा बांध. म्हणजे या मानकाप्रमाणे बनलेल्या कॉटमध्ये बाळ आईपेक्षा थोडं खालीच झोपतं. ‘गादी खाली राहते’ म्हणून आजी प्रेमाने गादीवाल्याकडून कापसाची जाड गादी भरून आणतात. मूळची ५ सेंटिमीटरची गादी काढून १० सेंटिमीटरची घातली की बांध १२वरून ७वर येतो. वर दोन गोधड्या पडल्या की काहीच उरत नाही. कापूस आठवडाभरात मध्ये दबून खळगा होतो, ते आणखी वाईट. कॉटसोबत आलेलीच गादी वापरायची, तिच्यावर दुसरी घालायची नाही.

दुसरं माप पलंगाखालच्या जागेचं. बऱ्याच कॉटचे पाय इंग्रजी ‘एल’सारखे असतात, त्यांचा आडवा भाग पलंगाखाली सरकतो. परदेशातल्या पलंगांना पाय असतात, तिथे हे जमतं. आपल्याकडचा बॉक्स बेड थेट फरशीपर्यंत बंद. कॉटचा पाय प्लायला अडतो आणि वर चार-पाच इंचांची फट राहते. त्यामुळे पलंग बंद खोक्याचा असेल तर पलंगाकडचे पाय आत दुमडता येणारी किंवा उभ्या सरळ पायांची कॉटच बघायची. दुमडल्यावर कॉट हलते का, हे हाताने ढकलून पाहायचं.

तिसरं, चौकटीचं. कित्येक पलंगांची लाकडी पाटी गादीच्या बाहेर इंच-दोन इंच आलेली असते. कॉट टेकते पाटीला, गादीला नाही, आणि मध्ये घळ तयार होते. उपाय सोपा आहे: मोठी गादी कॉटच्या बाजूला पूर्ण सरकवायची. जागा पलीकडे, भिंतीच्या बाजूला मोकळी राहील; भरायची तर ती भरा. बाळाच्या बाजूची फट उशी, चादरीची गुंडाळी किंवा गोधडी खुपसून कधीही भरू नका. बाळाच्या वजनाने ती भर खाली बसते आणि तोंड त्यात रुततं. गादी आणि कॉट यांच्यात बोटही जाऊ नये. अर्धा इंच फट दिसली तरी पट्टे सोडून पुन्हा बांधा.

चौथं खोलीचं. दहा फुटांच्या खोलीत सहा फुटी पलंग भिंतीला लावला तर उरतात चार फूट. कॉट बाहेरून साधारण दोन फूट रुंद आणि तीन फुटांच्या आसपास लांब. म्हणजे चालायला दोन फूट, त्यातच कपाटाचं दार उघडणार. उशाकडचं साइड टेबल हलवावंच लागेल. कॉट उशाकडे लावली की पायथ्याकडे तीन फूट कड मोकळी राहते. टाके असलेल्या आईने तिथपर्यंत सरकून उतरायचं आहे, म्हणून ती कड खरंच मोकळी ठेवा. खुर्ची, बादली, कपड्यांचा ढीग तिथे नको.

कॉट हातात घेऊन

गादीवर तळहात जोरात दाबून उचला. हाताचा ठसा लगेच भरून आला पाहिजे. आणखी एक युक्ती: एक किलो साखरेची पिशवी मध्यभागी ठेवून पाच मिनिटांनी उचला. खळगा तसाच राहत असेल तर गादी मऊ आहे. दुकानदार ‘एकदम सॉफ्ट’ म्हणून कौतुक करेल. नवजात बाळाच्या गादीत तोच दोष. गादी आणि कॉटची बाजू यांच्यात दोन बोटं सैल जात असतील तर गादी त्या कॉटची नाहीच.

फोन काढून त्यातलं लेव्हलचं अ‍ॅप सुरू करा, गादीवर आडवा आणि उभा ठेवा. दोन्हीकडे आकडा शून्याजवळ हवा. एका बाजूचे पाय लांब करून डोक्याकडचा भाग उचलायची सोय काही कॉटमध्ये असते आणि दूध उलटणाऱ्या बाळांसाठी म्हणून ती विकली जाते. डोकं उंच केल्याने उलटी थांबत नाही. उतारावर बाळ खाली घसरतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडकतो. १० अंशांपेक्षा जास्त उताराच्या झोपायच्या वस्तू अमेरिकेत २०२२च्या कायद्याने बंदच झाल्या. सोय असली तरी वापरू नका. साडीच्या झोळीतही नेमकं हेच होतं, मान पुढे दुमडते. दुपारी नजरेसमोर थोडा वेळ झुलवणं वेगळं आणि रात्रभर झोपवणं वेगळं.

झुलणारी कॉट असेल तर झुलणं पूर्ण बंद करणारी खिट्टी आहे ना, ते पाहा. बाळ झोपलं की कॉट स्थिर. पलंगाला बांधल्यावर तर झुलवायचा प्रश्नच नाही.

बाजू खाली-वर करण्याची यंत्रणा दहा वेळा करून बघा. चेन असेल तर आवाज किती होतो ते ऐका. रात्री तीन वाजता तो तिप्पट मोठा वाटतो. खिट्टी असेल तर ती चुकून धक्का लागून उघडणारी नको, दोन वेगळ्या हालचाली करूनच उघडली पाहिजे. वर बसल्यावर ‘टक्’ आवाज यायला हवा. मग बाजू धरून ओढून बघा.

जाळी दोन बाजूंना तरी हवी, ताठ ताणलेली. भोकं शर्टाच्या बटणापेक्षा लहान. लाकडी कॉट असेल तर दोन गजांमधलं अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. सुताराकडून बनवून घेणाऱ्यांनी हा आकडा कागदावर लिहून द्यावा, कारण सवयीने तो चार इंचांचा गाळा सोडतो. अंग बारीक असल्याने बाळ त्यातून निसटतं आणि डोकं अडकतं.

चाकं मोकळी सोडून कॉट ढकला, मग ब्रेक लावून ढकला. व्हिट्रिफाइड टाइल्सवर साधी चाकं ब्रेक लावूनही घसरतात. चाकांशिवाय, रबरी बुडाची कॉट उलट बरी. रोज कोण फिरवतंय?

बांधणी

दोन पट्टे असतात आणि दोन्ही बांधायचे. पायांच्या पलंगावर ते चौकटीभोवती गुंडाळता येतात. बॉक्स बेडवर चौकट सापडत नाही. तिथे पट्टा गादीखालून, प्लायवरून पलीकडच्या कडेपर्यंत न्यावा लागतो, म्हणून पट्ट्याची लांबी आधीच विचारा. सहा फुटी पलंगाला आखूड पट्टा पुरत नाही, आणि त्याला नाडी जोडून लांबवणं म्हणजे न बांधल्यासारखंच. हायड्रॉलिक बेड असेल तर आतली पांघरुणं काढायला बेड उचलण्याआधी पट्टे सोडायची सवय घरातल्या प्रत्येकाला लावा, नाहीतर बेडबरोबर कॉटही उचलली जाते.

बांधून झाल्यावर गुडघ्याने कॉट बाहेर ढकला. हलली, तर पुन्हा आवळा. मोठी गादी रोज थोडी सरकते, पट्टे सैल होतात. चादर बदलायच्या दिवशी हे तपासणं सोयीचं पडतं. बाळापाशी मोठं माणूस नसेल, किंवा कॉट पलंगापासून सोडवली असेल, तर चौथी बाजू वर. ही सवय न लागल्याने बाकीची सगळी काळजी वाया जाते.

कॉटच्या आत

आत फक्त गादी, तिच्यावर घट्ट बसणारी चादर आणि बाळ. मेणकापड किंवा ड्राय शीट चादरीच्या खाली, चारही टोकं गादीखाली दाबून. वर मोकळी टाकली तर दोन दिवसांत बाळ पायाने गोळा करतं. कडेचे मऊ तक्के, टेडी, लोड नकोत. मोहरीच्या उशीवरून घरात वाद होईल. डोक्याला गोल आकार यावा म्हणून ती देतात. मात्र झोपेत उशी कुठलीही नको. जागेपणी नजरेसमोर पोटावर ठेवणं, उचलून घेणं आणि झोपवताना तोंडाची दिशा बदलत राहणं याने डोकं चपटं होण्याचं टळतं.

गळ्यातला काळा दोरा, दृष्टमण्यांची माळ, कॉटला बांधलेली घुंगरांची नाडी ही झोपताना काढून ठेवावी. घरात झोपताना टोपडंही नको, बाळाची उष्णता डोक्यावाटे बाहेर जाते. थंडी वाजते का ते हातापायांवरून ठरवू नका, ते गारच लागतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावा. घाम असेल तर एक कपडा कमी.

कॉटसोबत मिळणारी मच्छरदाणी बाजू बंद असतानाच नीट बसते. बाजू खाली केली की डास पलंगाकडून आत. पलंग आणि कॉट दोन्ही झाकणारी एकच मोठी मच्छरदाणी छताला टांगणं हा खरा उपाय. खालची कड गादीखाली खोचा, कुठेही ती बाळाच्या तोंडाजवळ लोंबता कामा नये. पावसाळ्यात कोकणात, मुंबईत गादीच्या खालच्या बाजूला बुरशी धरते. आठवड्यातून एकदा गादी उभी करून पंख्याखाली ठेवायची, आणि तळ जाळीचा किंवा भोकांचा असलेली कॉट निवडायची.

कुठे जमत नाही

दोरीच्या बाजेला ही कॉट लावू नका. बाज मध्ये झुकते, उंची जुळत नाही आणि पट्टे धरत नाहीत. जमिनीवर गादी टाकून झोपत असाल तर बाळाची घट्ट, पातळ गादी शेजारी वेगळी अंथरा. पलंगाची उंची कॉटच्या कक्षेत बसतच नसेल तर चारही बाजू बंद असलेली साधी कॉट हाताच्या अंतरावर ठेवा. सुरक्षिततेत ती तसूभरही कमी नाही, फक्त रात्री उठून उभं राहावं लागतं. साध्या कॉटची एक बाजू काढून ती दोरीने पलंगाला बांधणं मात्र नको.

वापरलेली कॉट घेताना मूळ गादी, दोन्ही पट्टे आणि माहितीपत्रक आहे का, ते आधी विचारा. यातली एक जरी गोष्ट नसेल तर किंमत कितीही कमी असो, सोडून द्या. पायांची सगळी टोकं खोबणीत टकटक बसतात का आणि जाळी कुठे शिवलेली तर नाही ना, तेही बघा.

वापर कधी थांबवायचा ते वजनावर आणि हालचालीवर. बऱ्याच कॉटची मर्यादा ९ किलो असते, पण वजनाआधी हालचालच येते. बाळ हातागुडघ्यांवर उठायला लागलं किंवा कड धरून बसायला लागलं, की त्याच रात्रीपासून कॉट बंद. घडी घालताना पट्टे आणि सुटे स्क्रू एका पिशवीत भरून ती पिशवी कॉटच्याच दांड्याला बांधा. पुढच्या बाळापर्यंत नेमके तेच हरवतात.