काउंटी कोर्टातली घटस्फोटाची फाइल: कुठे शोधायची, कशी वाचायची

मामेबहिणीचा नाशिकहून फोन आला. भाचीसाठी स्थळ आलं होतं, मुलगा कॅलिफोर्नियातल्या सनीव्हेलचा, पहिलं लग्न मोडलेलं. "घटस्फोट झालाय असं त्याच्या घरचे सांगतात गं, पण कागद कुणी पाहिलाय? तू तिथेच राहतेस. तुला बघता येईल का?" अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त जवळजवळ ठरल्यात जमा होता.

बघता येतो. त्यासाठी वकील असावं लागत नाही, नातेवाईकही असावं लागत नाही. कायद्याने गोपनीय ठरवलेली नसेल तर कोर्टाची नोंद खुली आहे असंच धरून चालायचं, असं कॅलिफोर्नियाच्या न्यायालयीन नियमांत लिहिलेलं आहे. घटस्फोटाच्या फाइलीही त्यात आल्या. पण हे राज्याराज्यावर अवलंबून असतं. न्यूयॉर्कमध्ये घटस्फोटाची फाइल नवरा, बायको आणि त्यांचे वकील यांच्याशिवाय कुणाला कोर्टाच्या हुकमावाचून उघडता येत नाही. म्हणून इथे जे सांगते आहे ते कॅलिफोर्नियापुरतं, आणि माझा अनुभव सांता क्लारा काउंटीचा (काउंटी म्हणजे इथला जिल्हा).

सगळ्यात आधी काउंटी पक्की करा. कॅलिफोर्नियात ५८ काउंट्या आहेत आणि प्रत्येकीचं सुपिरिअर कोर्ट वेगळं. एका ठिकाणी नाव टाकलं की सगळ्या काउंट्यांच्या फाइली दिसाव्यात, अशी सर्वसामान्यांसाठी सोय नाही. 'बे एरियात (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास) राहतो' एवढ्या माहितीवर काहीच होत नाही. मिलपिटास आणि फ्रीमाँट अगदी शेजारी, पण मिलपिटास सांता क्लारा काउंटीत आणि फ्रीमाँट अलामीडात. फॉस्टर सिटी सॅन मटेओत, सॅन रमोन काँट्रा कोस्टात. इथे एक नियम कामाला येतो: घटस्फोटाचा अर्ज करताना नवराबायकोपैकी निदान एकाने राज्यात सहा महिने आणि त्या काउंटीत तीन महिने राहिलेलं असावं लागतं. म्हणून मुलगा आज कुठे राहतो हे विचारू नका. अर्ज केला तेव्हा तो कुठे राहत होता आणि त्याची बायको कुठे राहत होती, हे विचारा. बायको वेगळी राहायला लागून तिने तिच्या काउंटीत अर्ज केला असेल तर तुम्ही भलत्याच कोर्टाच्या यादीत नाव शोधत बसाल, आणि काही सापडलं नाही म्हणजे केसच नाही असं समजाल.

काउंटी कळली की त्या कोर्टाच्या वेबसाइटवर केस शोधण्याचं पान असतं. नेमकं कोर्टाचंच पान उघडा. गुगलवर नाव टाकलं की वर ज्या 'माणूस शोधा' छापाच्या खासगी साइट्स येतात त्यांना पैसे देऊ नका. त्यांच्याकडची माहिती शिळी असते, आणि एकाच्या नावावर दुसऱ्याची केस चिकटवलेली असते.

नावाने शोधताना आपल्या लोकांची अडचण मोठी आहे. आडनावं थोडी आणि तीच तीच, नावंही तीच. मी मुलाचं नाव टाकलं तर त्याच नावाआडनावाच्या तीन केसेस समोर आल्या. जन्मतारीख पडताळून पाहू म्हटलं तर ती कुठेच नाही. कॅलिफोर्नियात कोर्टाच्या ऑनलाइन यादीतून जन्मतारीख, लायसन्सचा नंबर, सोशल सिक्युरिटी नंबर वगळायचाच असा नियम आहे. २०२१ साली अपील कोर्टाने असंही ठरवलं की जन्मतारीख टाकून यादीत शोधण्याची सोयसुद्धा कोर्टांनी द्यायची नाही. त्यामागचा हेतू मला पटतो. पण त्यामुळे नुसत्या नावावरून 'हाच तो' असं म्हणण्याची सोय राहत नाही. स्पेलिंगचे सगळे प्रकार करून बघा: आडनावाच्या शेवटी 'ए' आहे की नाही, वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून लावलंय का, दोन शब्दांचं नाव जोडून लिहिलंय का. आणि शक्य असेल तर बायकोच्या नावाने शोधा. दोन्ही नावं एकाच केसमध्ये आली की मग खात्री.

मला बायकोचं नाव माहीत नव्हतं. तेव्हा बहिणीला स्पष्ट सांगितलं, की मुलाकडेच केस नंबर माग. तिला संकोच वाटला. मी म्हटलं, लग्नाच्या बोलणीत पगार विचारतो, घर विचारतो, मग हे विचारायला काय हरकत आहे? दोन दिवसांत नंबर आला. मुलाने तो सहज दिला, हे मला तेव्हाच बरं वाटलं.

नंबर हातात असला की निम्मं काम झालं. सांता क्लारातल्या अलीकडच्या नंबरांत पहिले दोन आकडे वर्षाचे असतात, पुढे प्रकार: एफएल म्हणजे फॅमिली लॉ, सीव्ही म्हणजे दिवाणी. नंबर टाकला की 'रजिस्टर ऑफ ॲक्शन्स' दिसतं. आपल्याकडच्या रोजनाम्यासारखं समजा. कोणता कागद कोणत्या तारखेला दाखल झाला याची ती यादी. ती घरबसल्या वाचता येते. कागद मात्र उघडत नाहीत. कौटुंबिक, फौजदारी अशा केसेसचे कागद ऑनलाइन खुले करायचे नाहीत, कोर्टात येऊन बघायचे, असा राज्याचा नियम आहे. त्यासाठी जावं लागतं.

इथेच बरेच जण चुकतात, म्हणून थांबून सांगते. रजिस्टरवर शेवटी 'डिसमिस्ड' दिसलं की लोक म्हणतात, संपली केस, झाला घटस्फोट. घटस्फोटाच्या केसमध्ये त्याचा अर्थ अगदी उलटा. अर्ज रद्द झाला, घटस्फोट झालाच नाही, लग्न कायम आहे. कदाचित समेट झाला असेल, कदाचित दुसरीकडे नव्याने अर्ज केला असेल. तुम्हाला हवा असतो तो 'जजमेंट', म्हणजे निकाल, हा शब्द.

सांता क्लारा काउंटीचं कुटुंब न्यायालय सॅन होजेमध्ये आहे, २०१ नॉर्थ फर्स्ट स्ट्रीट, २०१६ साली उघडलेली इमारत. नॉर्थ फर्स्टवरून लाइट रेल जाते, तिनेच जा. दारात विमानतळासारखी तपासणी असते, तेव्हा पर्समधली छोटी कात्री घरीच ठेवा. निघण्यापूर्वी खिडकीच्या वेळा वेबसाइटवर बघा. कारकुनासमोर कहाणी सांगू नका. केस नंबर, दोन्ही पक्षांची नावं आणि कोणता कागद हवा, एवढं कागदावर लिहून न्या. मी 'जजमेंट आणि नोटीस ऑफ एंट्री ऑफ जजमेंट' (निकाल आणि तो नोंदला गेल्याची नोटीस) असं लिहून नेलं होतं. जुनी फाइल असेल तर ती दुसरीकडे साठवलेली असू शकते आणि मागवायला वेळ लागतो, म्हणून परगावाहून जाणार असाल तर आधी फोन करा.

खर्च फारसा नाही. साधी प्रत पानाला ५० सेंट. केस नंबर न देता शोधायला लावलंत आणि त्याला दहा मिनिटांहून जास्त वेळ लागला, तर शोधण्याचे १५ डॉलर वेगळे. घटस्फोटाच्या निकालाची सही-शिक्क्याची प्रत १५ डॉलर, बाकीच्या कागदांना प्रमाणित करायचे ४० डॉलर. आकडे बदलतात, जायच्या आधी कोर्टाचं शुल्कपत्रक बघून घ्या. नुसती खात्री करायची असेल तर साधी प्रत पुरते. पूर्ण फाइलची प्रत मागू नका. त्यात दोन माणसांच्या आयुष्यातले आरोप-प्रत्यारोप असतात आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन कागदांत असतं. टॅक्स रिटर्न, मुलांच्या ताब्याबद्दलचे तज्ज्ञांचे अहवाल असे कागद तर बंदच असतात, मागूनही मिळत नाहीत.

आता तो कागद. निकालाच्या फॉर्मचा नंबर एफएल-१८०, खाली कोपऱ्यात छापलेला असतो. वरच्या चौकटीत तीन पर्याय असतात: डिसोल्यूशन (घटस्फोट), लीगल सेपरेशन, नलिटी (लग्नच रद्दबातल ठरणं). खूण कशावर आहे ते बघा. लीगल सेपरेशनवर असेल तर दोघं कायद्याने वेगळे राहतात, पण नवराबायको आहेतच, दुसरं लग्न करता येत नाही. 'स्टेटस ओन्ली'वर खूण असेल तर लग्न संपतं, पण घर, पैसे, पोटगी यांचा वाद अजून उभा असू शकतो. हे वाईट आहे असं नाही, फक्त माहीत असावं.

त्याच चौकटीत तळाला एक ओळ आहे: विवाहाचा दर्जा संपण्याची तारीख. माझ्या मते अख्ख्या फाइलीत हीच ओळ सगळ्यात महत्त्वाची. न्यायाधीशांची सही झाली त्या दिवशी लग्न संपतं असं नाही. कॅलिफोर्नियात समोरच्याला समन्स बजावल्यापासून, किंवा तो कोर्टात हजर झाल्यापासून, सहा महिने पूर्ण व्हावेच लागतात. दोघांची संमती असेल तर निकाल आधी लागतो आणि तारीख पुढची पडते. सोबतच्या एफएल-१९० या नोटिशीवर हीच तारीख वेगळ्या चौकटीत असते आणि तिथे इशारा छापलेला असतो की या तारखेपर्यंत दोघांपैकी कुणीही पुन्हा लग्न करायचं नाही.

एफएल-१८० वर आणखी एक जागा बघायची ती भारतासाठी. प्रतिवादीवर कोर्टाचा अधिकार कधी आणि कसा आला, हे तिथे लिहिलेलं असतं: नुसतं समन्स बजावलं, की ती व्यक्ती स्वतः हजर झाली. लग्न भारतात हिंदू विवाह कायद्याखाली झालेलं असेल तर हा फरक फार मोठा ठरतो. १९९१ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की परदेशातला घटस्फोट मानायचा तर तो मूळ विवाहकायद्यातल्या कारणावर असावा, आणि समोरचा पक्ष त्या कोर्टापुढे स्वेच्छेने, खऱ्या अर्थाने आलेला असावा, किंवा त्याची त्याला संमती असावी. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १३ चा अर्थ लावताना हे सांगितलेलं आहे. बायको भारतात परत गेलेली, तिने उत्तरच दिलं नाही आणि इथे एकतर्फी निकाल लागला, अशा फाइली असतात. इथे तो माणूस मोकळा असतो, तिकडे त्याचं लग्न कायम असू शकतं. असं काही दिसलं तर भारतातल्या कुटुंब न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाला तो कागद दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका. हे मी हात जोडून सांगते आहे, कारण त्रास शेवटी दुसऱ्या मुलीला होतो.

स्वतःचा निकाल भारतात वापरायचा असेल तर सही-शिक्क्याची प्रत घ्या आणि तिच्यावर सॅक्रामेंटोतल्या, राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाकडून अपॉस्टिल (कागद परदेशात मानला जावा म्हणून जोडलेला सरकारी दाखला) करून घ्या. एका अपॉस्टिलला २० डॉलर. भारतात ही पद्धत २००५ पासून चालते.

बाकी नोंदींचं थोडक्यात. लग्नाचा दाखला कोर्टात मिळत नाही, तो काउंटीच्या क्लर्क-रेकॉर्डरकडे. घराची खरेदीखतं, घरावरचे बोजेही तिथेच. दिवाळखोरीची केस काउंटीत नसतेच, ती संघीय न्यायालयात, आणि तिचे कागद पेसर नावाच्या ऑनलाइन सेवेवर: पानाला १० सेंट, एका कागदाला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीत ३० डॉलरच्या आत राहिलात तर काहीच द्यावं लागत नाही. भाडेकरूला काढण्याच्या केसेस दाखल झाल्यापासून ६० दिवस बंद असतात आणि तेवढ्यात घरमालक जिंकला नाही तर बंदच राहतात. अल्पवयीन मुलांच्या आणि दत्तकाच्या फाइली बाहेरच्या माणसाला बघायला मिळत नाहीत.

एप्रिलच्या सुरुवातीला मी कोर्टाबाहेर सेंट जेम्स पार्कमधल्या बाकावर बसून ती दोन पानी प्रत वाचली. खूण डिसोल्यूशनवर होती. समन्स नोव्हेंबरच्या मध्यावर, आणि पत्नी स्वतः हजर झालेली. तिने उत्तर दिलेलं, तडजोडीवर दोघांच्या सह्या. निकाल मार्चमध्ये. विवाहाचा दर्जा संपण्याची तारीख: १७ मे.

मुलगा खोटं बोलत नव्हता. निकाल लागलाच होता. घरच्यांना ती खालची ओळ कुणी समजावून सांगितली नव्हती, एवढंच. मी पानांचा फोटो फक्त बहिणीला पाठवला, कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला नाही, आणि तिलाही टाकू दिला नाही. संध्याकाळी त्या मुलालाच फोन केला. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मावशी, मी उद्या वकिलाला विचारून सांगतो." दुसऱ्या दिवशी त्यानेच नाशिकला फोन करून अक्षय्य तृतीयेचा मुहूर्त पुढे घ्यायला सांगितला. लग्न जूनच्या पहिल्या आठवड्यात झालं.