मराठी वाचकाने परवडणारा ई-रीडर कसा निवडावा

ई-रीडर, म्हणजे ई-पुस्तके वाचण्यासाठीचे खास यंत्र, घ्यायचा विचार मनात आला की बहुतेक जण आधी यंत्रांच्या किमती आणि पडद्यांचे आकार पाहू लागतात. मराठी वाचकाने सुरुवात पुस्तकांपासून करावी, असे मला अनुभवाअंती ठामपणे वाटते. येत्या वर्षात वाचायची असलेली दहा पुस्तके कागदावर लिहून काढावीत आणि प्रत्येकापुढे त्याची ई-आवृत्ती कुठे मिळते, कोणत्या स्वरूपात मिळते, हे नोंदवावे. या कामाला एक संध्याकाळ पुरते, आणि कोणते यंत्र घ्यावे किंवा यंत्र घ्यावेच का, याचे निम्म्याहून अधिक उत्तर त्या कागदावरच मिळते.

मराठी ई-पुस्तके साधारण तीन वाटांनी येतात. पहिली वाट किंडल या ॲमेझॉनच्या ई-रीडरच्या ऑनलाइन दुकानाची. तिथे डिसेंबर २०१६ पासून मराठी पुस्तके विकत मिळतात. दुसरी वाट अशा विक्रेत्यांची, ज्यांची पुस्तके फक्त त्यांच्याच ॲपमध्ये उघडतात. ही पुस्तके साध्या ई-रीडरवर कोणत्याही युक्तीने नेता येत नाहीत. त्यासाठी बूक्ससारखा अँड्रॉइडवर चालणारा ई-रीडर लागतो आणि मग खर्च बराच वाढतो. तिसरी वाट विनामूल्य पुस्तकांची. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याचे साहित्य स्वामित्वहक्कातून मुक्त होते. उदाहरणार्थ, १९५० साली निवर्तलेल्या साने गुरुजींचे लेखन २०११ पासून सर्वांना खुले आहे. असे जुने साहित्य मराठी विकिस्रोतावरून ईपब स्वरूपात उतरवून घेता येते. ई साहित्य प्रतिष्ठान आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ यांच्या संकेतस्थळांवरही मोठा खजिना आहे. मात्र त्यातला बराच भाग पीडीएफ स्वरूपात आहे आणि स्वस्त ई-रीडर घेणाऱ्यांची निराशा बहुधा इथेच होते.

ईपब पुस्तकातला मजकूर पाण्यासारखा असतो. पडदा लहान असला आणि अक्षर मोठे केले, तरी ओळी नव्याने जुळतात. पीडीएफचे पान मात्र छायाचित्रासारखे गोठलेले असते. सहा इंची पडदा प्रत्यक्षात साधारण ९ सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच असतो. डेमी आकाराच्या पुस्तकाचे पान साधारण १४ बाय २१.५ सेंटिमीटर असते, म्हणजे ते पूर्ण पान त्या पडद्यावर बसवले की अक्षर जवळजवळ निम्म्यावर येते आणि अकरा पॉइंटचा मजकूर सहा पॉइंटचा दिसू लागतो. समास कापून आणि यंत्र आडवे धरून थोडी सोय होते, पण तीनशे पानांची कादंबरी तशी वाचणे फार कष्टाचे आहे. ए-४ आकाराच्या पीडीएफची किंवा दिवाळी अंकाची तर गोष्टच सोडावी. ज्यांच्या कागदावर दहापैकी सहा-सात पुस्तकांपुढे ‘पीडीएफ’ असे लिहिले गेले असेल, त्यांनी स्वस्त ई-रीडर घेऊ नये. घरात असलेला दहा इंची टॅबलेट त्यांना अधिक उपयोगी पडेल.

‘पीडीएफचे ईपब करून घेऊ’ असे अनेक जण म्हणतात, आणि इंग्रजी पुस्तकांच्या बाबतीत ते पुष्कळदा जमतेही. मराठीत मात्र अडचण अशी आहे की युनिकोड ही सर्व लिपींसाठीची समान संगणकीय संकेतप्रणाली रूढ होण्यापूर्वीच्या काळातल्या आणि त्यानंतरच्याही कितीतरी पुस्तकांची अक्षरजुळणी श्रीलिपीसारख्या प्रणालींच्या जुन्या फाँटमध्ये झालेली आहे. डोळ्यांना ते देवनागरी दिसते, पण संगणकाच्या दृष्टीने तिथे रोमन अक्षरे आणि चिन्हेच असतात, त्यामुळे रूपांतर केल्यावर हाती निरर्थक मजकूर येतो. हे ओळखण्याची सोपी कसोटी अशी: त्या पीडीएफमधली एक ओळ निवडावी, तिची नक्कल करावी आणि व्हॉट्सॲपच्या संदेशात चिकटवावी. ओळ काना-मात्रांसकट जशीच्या तशी उमटली, तर रूपांतराचा प्रयत्न करून पाहण्यात अर्थ आहे. ओळ निवडताच येत नसेल, तर ते पान स्कॅन केलेले चित्र आहे असे समजावे.

या टप्प्यावरही पैसे खर्च करण्याची घाई नको. किंडलचे ॲप फोनवर विनामूल्य मिळते. एक मराठी पुस्तक विकत घेऊन त्यावर महिनाभर वाचून पाहावे. पुस्तक पूर्ण झाले आणि तक्रार फक्त डोळ्यांच्या थकव्याची किंवा मध्येच येणाऱ्या संदेशांची असेल, तर ई-रीडरने ती तक्रार खरोखर दूर होते. पुस्तक अर्ध्यावरच राहिले, तर यंत्र बदलून वाचनाची सवय लागेल या आशेवर काही हजार रुपये घालवू नयेत.

आता पडद्याविषयी. ई-रीडरला ई-इंक नावाचा पडदा असतो. त्यात सूक्ष्म कुप्या असतात आणि त्यांत विरुद्ध विद्युतभाराचे काळे आणि पांढरे कण तरंगत असतात. विद्युतदाब दिला की त्यांतले हवे ते कण वर येतात आणि पुढचे पान येईपर्यंत तिथेच राहतात. म्हणून पान स्थिर असताना पडदा वीज खात नाही आणि उन्हात तो कागदासारखाच स्वच्छ दिसतो. स्वस्त यंत्र निवडताना ज्या एका आकड्याकडे मराठी वाचकाने दुर्लक्ष करू नये, तो म्हणजे इंचामागे येणाऱ्या ठिपक्यांची संख्या. २०१९ च्या साध्या किंडलमध्ये हा आकडा १६७ होता, २०२२ पासूनच्या साध्या किंडलमध्ये तो ३०० आहे. रोमन लिपी १६७ वरही चालून जाते. आपल्या लिपीत मात्र शिरोरेषेच्या वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, त्यात मधोमध जोडाक्षर, अशी दाटी असते. कमी ठिपक्यांत ‘सर्वांगीण’मधला रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. जुने यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी ३०० च्या खाली उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

पडदा चांगला असला तरी फाँट चांगला असेलच असे नाही. म्हणून मित्राचे यंत्र हाती आले की त्यावर देवनागरीची परीक्षा घ्यावी. ‘आचार्यांना’ आणि ‘दुसऱ्यांना’ हे दोन शब्द शोधावेत. पहिल्यात रफार हवा आणि दुसऱ्यात पोटफोडीसारखी आडवी रेघ. ‘ॲप’, ‘ॲसिड’ यांतला ‘ॲ’ हा वर्ण युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे आला, त्यामुळे जुन्या फाँटमध्ये त्याच्या जागी रिकामी चौकट दिसते. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत की हिंदी वळणाचे, हेही पाहावे. हिंदी वळणाने वाचन अडत नाही, पण रोज तासभर ज्या अक्षरांच्या सहवासात राहायचे, ती आपली वाटावीत ही अपेक्षा मला रास्त वाटते. कोबो या किंडलच्या स्पर्धक ई-रीडरमध्ये बाहेरचे फाँट टाकता येतात आणि आयआयटी मुंबईचा ‘शोभिका’ किंवा ‘तिरो देवनागरी मराठी’ हे सुंदर फाँट विनामूल्य उपलब्ध आहेत. मात्र जोडाक्षरे नीट जुळतात की नाही, हे स्वतः पाहूनच निर्णय घ्यावा.

किंडल की कोबो, याचे उत्तर पुन्हा त्या कागदावरच आहे. विकतची मराठी पुस्तके वाचणाऱ्यासाठी किंडल सरळ पडते. त्यावर ईपब थेट चालत नाही; पण ‘सेंड टू किंडल’ सेवेने पाठवले की त्याचे रूपांतर होऊन ते येते. कोबो ईपब थेट उघडतो. परदेशातल्या मराठी कुटुंबांनी ग्रंथालयाचाही विचार करावा: सार्वजनिक ग्रंथालयातील इंग्रजी ई-पुस्तके किंडलवर घेण्याची सोय फक्त अमेरिकेत आहे, कॅनडासारख्या देशात त्यासाठी कोबो बरा. दोन्ही यंत्रांसाठी संगणकावर ‘कॅलिबर’ ही विनामूल्य प्रणाली ठेवावी. कोविद गोयल यांनी २००६ पासून उभी केलेली ही प्रणाली पुस्तकांची नोंद आणि रूपांतर दोन्ही उत्तम करते.

काही गोष्टींसाठी जास्त पैसे मोजण्याची गरज नाही. नुसत्या मजकुराचे पुस्तक जेमतेम एखाद्या मेगाबाइटचे असते, म्हणून १६ गिगाबाइटची साठवण आयुष्यभर पुरते. रंगीत पडदा कादंबरीच्या वाचकाला निरुपयोगी आहे. बॅटरीचे दावे वाचताना गणित करावे: ‘सहा आठवडे’ हा आकडा रोज अर्धा तास वाचनावर आधारलेला असतो, म्हणजे एकूण एकवीस तास, रोज दोन तास वाचणाऱ्याला दहा-अकरा दिवसांनी चार्जिंग करावे लागेल, आणि तेही पुष्कळ झाले. पिवळसर प्रकाशाची सोय रात्री वाचणाऱ्यांना सुखावते, पण ती नसल्याने वाचन अडत नाही.

ज्येष्ठांसाठी मात्र हात थोडा सैल सोडावा. माझ्या वडिलांना अक्षर इतके मोठे लागते की सहा इंची पडद्यावर जेमतेम दहा ओळी मावत आणि दर अर्ध्या मिनिटाला पान उलटावे लागे. सात इंची पडद्यावर त्यांचे वाचन पुन्हा सलग झाले.

वापरलेले यंत्र घेताना आधीच्या मालकाने आपले खाते काढून टाकले आहे याची समोर बसून खात्री करावी, आणि संपूर्ण पांढरे व नंतर संपूर्ण काळे पान उघडून न हलणारी रेघ किंवा डाग दिसतो का ते पाहावे. बहुतेक स्वस्त यंत्रांच्या पडद्यामागे काच असते; पिशवीत डबा दाबून बसला की ती आतल्या आत तडकते आणि ती बदलण्याचा खर्च नव्या यंत्राच्या जवळपास जातो. म्हणून यंत्रासोबतच कडक पुठ्ठ्याचे वेष्टन घ्यावे. किंडल अमेरिकेहून नातेवाइकांकडून मागवायचे असेल, तर तिथले स्वस्त मॉडेल जाहिरातींसह येते हे आधी सांगावे, आणि मराठी पुस्तके घेता यावीत म्हणून ते आपल्या भारतातल्या खात्याशीच जोडावे.

नवे यंत्र घरी आले की परतीची मुदत संपण्याआधी यादीतल्या ज्या ज्या वाटांची पुस्तके त्यावर चालतात, त्यांचे एकेक पुस्तक चढवून पाहावे आणि त्यातले निदान एक प्रकरण दुपारच्या उजेडात व एक रात्री दिवा मालवून वाचावे.