शेवग्याचा पाला: पावसाळ्यात तोडा, सावलीत वाळवा

उन्हाळी शेंगा संपल्यावर ज्यांनी झाडं कमरेइतक्या उंचीवर छाटली, त्यांच्याकडे आता लुसलुशीत फुटवे असतील. हाच पाला भाजीला आणि पावडरीला चांगला. शेंगांसाठी राखलेली झाडं मात्र ओरबाडू नका. पाल्यासाठी बांधावरची चार झाडं वेगळी धरलेली बरी. कोकणात गोकुळाष्टमीला शेगलाची, म्हणजे शेवग्याच्या पाल्याची, भाजी लागतेच, तेव्हा जुड्यांना गिऱ्हाईकही मिळतं.

पानांत लोह, कॅल्शियम, प्रथिनं आणि अ जीवनसत्त्व तयार करणारा बीटा कॅरोटीन भरपूर. पण पालेभाजीतलं लोह अंगी कमी लागतं, म्हणून भाजीवर लिंबू पिळावं. शुगर, बीपी, सांधेदुखी सगळं बरं होतं असं सांगून पाकिटं खपवली जातात, ते पटण्यासारखं नाही. शेवगा हा सकस आहार आहे, गोळ्यांना पर्याय नाही. रक्त पातळ होण्याची किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर रोज पावडर घेण्याआधी डॉक्टरांना विचारा. गरोदर बाईने मुळी किंवा साल घेऊ नये.

सध्या डोकेदुखी केसाळ अळीची. दिवसा या अळ्या खोडावर झुंडीने चिकटून बसतात. तेव्हाच हातमोजे घालून खरवडून साबणाच्या पाण्यात टाका, नुसता हात लावलात तर आग होते. गरज पडली तर 5 टक्के निंबोळी अर्क फवारा. पाला पोटात जायचा आहे, त्यामुळे रासायनिक फवारणीची बाग पाल्यासाठी धरूच नका.

तोडणी सकाळी, दव सुकल्यावर. पिवळी, किडकी पानं बाजूला काढा. लिटरभर पाण्यात 10 ग्रॅम मीठ घालून पाला पाचेक मिनिटं बुडवा, मग साध्या पाण्याने धुऊन निथळू द्या. उन्हात वाळवला की हिरवा रंग उडतो, जीवनसत्त्वंही जातात. जाळीवर पातळ पसरून हवेशीर खोलीत वाळवा आणि रोज हलवा. पावसाळी हवेत पाला चार दिवसांतही कुरकुरीत होत नसेल तर बुरशी येण्याआधी ड्रायर गाठा, तापमान 50 ते 55 अंशांवर ठेवा. बोटांत चुरगळल्यावर पानाचा चुरा व्हायला हवा. नुसतं वाकलं तर अजून ओल आहे. ओल्या पाल्यात तीन चतुर्थांशांहून जास्त पाणी असतं, तेव्हा पावडरीचा भाव ठरवताना ही घट धरा.

पावडर हवाबंद डब्यात, अंधारात ठेवा. विकायची असेल तर आधी अन्न नोंदणी करून घ्या. पाकिटावर रोग बरा होतो असं छापायला कायद्याने मनाई आहे.