ट्रॅक्टरला जादा हायड्रॉलिक व्हॉल्व्ह बसवताय? या चुका टाळा

ऊस गेला, खोडवा मोडायचा म्हणून पलटी नांगर आणला, आणि दारात आल्यावर कळलं की ट्रॅक्टरला मागं तेलाची जोडणीच नाही. लातूर-परभणीकडं दर उन्हाळ्यात हे घडतं. मिस्त्री अर्ध्या दिवसात व्हॉल्व्ह, पाईप, कपलर बसवून देतो. दुसऱ्या दिवशी नांगर झकास पलटतो, पण लिफ्ट (अवजार उचलणारे मागचे हात) उठत नाही. माझ्या ट्रॅक्टरला हेच झालं. पंप गेला म्हणून नवा पंप टाकला, तरी तेच. पंपात काही बिघाड नव्हताच. पाईप चुकीच्या तोंडाला जोडले होते.

गिअर पंप इंजिन चालू आहे तोवर तेल ढकलत राहतो. लिव्हर मधोमध असताना त्या तेलाला व्हॉल्व्हमधून पुढं जायला मोकळी वाट लागते. म्हणून नव्या व्हॉल्व्हला तीन वाटा हव्यात: पंपाकडून येणारी ‘पी’, चेंबरकडं, म्हणजे तेलाच्या टाकीकडं, परत जाणारी ‘टी’, आणि तिसरी लिफ्टकडं जाणारी. या तिसरीला दुकानात कॅरी ओव्हर किंवा पॉवर बियाँड म्हणतात. पुष्कळ व्हॉल्व्हमध्ये ही तिसरी वाट तयार नसते. तिथं एक पोकळ आट्याची स्लीव्ह वेगळी घेऊन बसवावी लागते. ती न बसवता ‘टी’ला आणि तिसरीला असे दोन्ही पाईप जोडले, तर आतून दोन्ही वाटा एकच राहतात. तेल सोपा रस्ता धरून चेंबरला जातं आणि लिफ्ट जागची हलत नाही.

दुसरा प्रकार याहून वाईट. ‘टी’चाच पाईप लिफ्टला जोडतात. पहिले काही दिवस सगळं चालतं. मग नांगर उचलताना लिफ्टचा पूर्ण दाब ‘टी’च्या बाजूला चढतो. ती बाजू एवढ्या दाबासाठी बनवलेलीच नसते, म्हणून स्पूलच्या (लिव्हरनं सरकणाऱ्या आतल्या दांड्याच्या) सिलातून तेल फुटतं, कधी व्हॉल्व्हची बॉडीच तडकते. लिव्हरच्या मुळाशी तेल दिसलं की सील बदलण्याआधी ‘टी’चा पाईप कुठं जातो ते हातानं धरून बघा. तो थेट चेंबरलाच गेला पाहिजे, मध्ये अडथळा नको.

जुन्या मॅसी फर्ग्युसनची गोष्ट वेगळी आहे. त्यात पंप मागच्या हाऊसिंगमध्ये तेलात बुडालेला असतो आणि कंट्रोल सक्शनच्या, म्हणजे पंप तेल ओढतो त्या, बाजूला असतो. वरची जोडणी त्याला जशीच्या तशी लावू नका. तसंच, क्लोज्ड सेंटरचा, म्हणजे लिव्हर मधोमध असताना तेलाची वाट बंद ठेवणारा, व्हॉल्व्ह स्वस्त मिळाला म्हणून गिअर पंपावर बसवू नका. लिव्हर न ओढताही तेल रिलीफवरून (जादा दाब सोडणाऱ्या व्हॉल्व्हवरून) फिरत राहतं आणि मे महिन्याच्या उन्हात थोड्याच वेळात पाईपला हात लावता येत नाही.

रिलीफबद्दल एक गोष्ट फार थोडे सांगतात. बऱ्याच ट्रॅक्टरांत मूळ रिलीफ लिफ्टच्या हाऊसिंगमध्ये असतो. नवा व्हॉल्व्ह त्याच्या आधी बसला की लिव्हर ओढल्यावर पंपाला मूळ रिलीफचं संरक्षण उरत नाही. म्हणून नव्या व्हॉल्व्हचा स्वतःचा रिलीफ चालू हवा, आणि तो ट्रॅक्टरच्या पुस्तकातल्या आकड्यावर दाबाचं गेज लावूनच सेट करावा. नांगर जड वाटला म्हणून स्क्रू आवळत जाणं म्हणजे पंप फोडायची तयारी.

निपलचे आटे जपा. बीएसपी आणि एनपीटी हे पाईपच्या आट्यांचे दोन वेगळे प्रकार. अर्धा इंची बीएसपी आणि अर्धा इंची एनपीटी, दोन्हीला इंचाला 14 आटे. त्यामुळे एकात दुसरा चढतो, पण आट्याचा कोन वेगळा, एकाचा 55 अंश आणि दुसऱ्याचा 60; तो गळणारच. वरून टेफ्लॉन टेप गुंडाळली तर तिचे तुकडे स्पूलमध्ये अडकतात. सरळ (निमुळते नसलेल्या) आट्यांच्या बीएसपीला डाऊटी वॉशर, म्हणजे आतून रबराची कड असलेला धातूचा वॉशर, वापरा.

डंपिंग ट्रॉलीचा जॅक पुष्कळ तेल ओढतो, आणि अनेक ट्रॅक्टरांत गिअरबॉक्सचं तेल तेच असतं. लेव्हल ट्रॉली खाली असताना, सपाट जागी बघा. ट्रॉली वर असताना बघून तेल ओतलं तर नंतर ते जास्त होतं. शेजाऱ्याची ट्रॉली जोडली की तिच्यातलं काळं तेलही आपल्या ट्रॅक्टरात येतं, एवढं ध्यानात ठेवा. आणि उचललेल्या ट्रॉलीखाली टेकू लावल्याशिवाय कुणालाही जाऊ देऊ नका, पोरांना तर नाहीच.

गळती बोटानं शोधू नका. मागच्या टायरात साधारण 1 बार हवा असते. या पाईपात तेल 150 ते 200 बारनं धावतं. सुईएवढ्या छिद्रातून ते कातडीत शिरतं. पुठ्ठ्याचा तुकडा फिरवून बघा. पाईप सोडण्याआधी लिफ्ट आणि ट्रॉली खाली घ्या, इंजिन बंद करा, सगळे लिव्हर दोन्हीकडं हलवा. तेल कातडीत शिरलंच, तर जखम टाचणीएवढी दिसते आणि सुरुवातीला दुखतही नाही, म्हणून माणूस कामाला लागतो. तसं करू नका. लगेच मोठ्या दवाखान्याकडं निघा आणि डॉक्टरांना पहिल्यांदा हेच सांगा की दाबाचं तेल आत गेलंय, कारण ते ऑपरेशननंच काढावं लागतं.