पोट आयबीएसचं आणि सिगारेट सोडायची आहे, तर

मी हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावाचा हिशेब लिहितो. संध्याकाळी होड्या लागल्या की वाळूत सुरमई-पापलेटच्या राशी पडतात, बोली चढायला लागते आणि वही टाकून हलता येत नाही. आयबीएस म्हणजे आतड्याचं जुनं नाजूकपण: कळा, गॅस, कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब. आयबीएसवाल्यांना यातली अडचण वेगळी सांगायला नको. माझी सिगारेट सुटली, पोट होतं तसंच नाजूक आहे. इथले खलाशी विचारतात, दोन्ही एकदम कसं सांभाळलंस, म्हणून हे लिहितोय.

सकाळची पहिली सिगारेट आपल्यातले बरेचजण पोट साफ व्हायला ओढतात. निकोटिनमुळे मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, त्यात गरम चहाची भर. सिगारेट बंद केली की आतड्याला ढकलणारं कुणी उरत नाही. मग पहिले काही आठवडे खडा धरतो, पोट फुगतं, कळा येतात. माणसाला वाटतं आयबीएस उसळला, आणि तो पुन्हा टपरीवर. तेव्हा सिगारेट टाकायच्या आधी तिचं हे काम दुसऱ्या कुणाकडे तरी सोपवून ठेवा.

ते असं. सोडायच्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून रोज एक चमचा इसबगोल, भरपूर पाण्यातून. पाणी कमी पडलं तर तोच घट्ट होऊन बसतो. गव्हाचा कोंडा घेऊ नका, आयबीएसमध्ये त्याने गॅस वाढतो. सकाळी उठल्यावर कोमट पाणी, मग चहाच्या आधी गरम पेज, मीठ घालून. पोटात अन्न पडलं की आतडं आपोआप हलायला लागतं, त्यामुळे पेज प्यायल्यावर वीसेक मिनिटांनी, वेग असो वा नसो, जाऊन बसायचं. कमोड असेल तर पायांखाली पाट घ्या. जोर करायचा नाही, मोबाईल बाहेर ठेवायचा. आठवडाभर काही होणार नाही, तरी बसायचं. शरीराला वेळेची सवय लागते. ज्यांना जुलाबाचा त्रास जास्त, त्यांनाही इसबगोल चालतो, फक्त अर्ध्या चमच्यापासून सुरुवात करा.

चहाचं गणित फार कमी जणांना माहीत असतं. धुरातल्या काही घटकांमुळे यकृत कॅफिनचा निकाल भराभर लावतं. धूर थांबला की तेवढ्याच चहातलं कॅफिन रक्तात जवळजवळ दुप्पट होतं. हात थरथरतात, झोप उडते, पोटात ढवळतं, आणि आपण म्हणतो निकोटिनची तलफ. म्हणून सोडल्याच्या दिवसापासून चहा निम्म्यावर आणा. बंदरावर चहा नाकारणं अवघड, मी अर्धा कप मागतो.

निकोटिनचं च्युइंगम उपयोगाचं आहे, पण आयबीएसवाल्याने ते जपून वापरावं. बऱ्याच गोळ्यांत साखरेऐवजी सॉर्बिटॉल किंवा झायलिटॉल असतं, आणि त्याने आपल्यासारख्यांना गॅस आणि पातळ शौच होते. पाकिटावर वाचून घ्या. साध्या च्युइंगमसारखं चघळत सुटायचं नाही. दहाबारा वेळा चावायचं, तोंडात झणझणलं की गालाशी दाबून ठेवायचं, झणझण ओसरली की पुन्हा चावायचं. अर्ध्या तासात काम संपतं. थुंकी सारखी गिळलीत तर उचक्या आणि छातीत जळजळ ठरलेली. आणि आपल्याकडची खास भानगड: कोकम सरबत किंवा सोलकढी पिऊन लगेच गोळी तोंडात टाकली तर आंबटपणामुळे निकोटिन नीट शोषलंच जात नाही. मध्ये पंधरा मिनिटं जाऊ द्या. चहालाही हाच नियम. २ मिलिग्रॅमची गोळी बहुतेकांना पुरते, उठल्याउठल्या ओढणाऱ्यांनी ४ मिलिग्रॅमसाठी डॉक्टरांना विचारावं. गोळी पोटाला झेपतच नसेल तर अंगावर चिकटवायची निकोटिनची पट्टी विचारा. ती कातडीतून जाते, पोटाच्या वाटेला जात नाही. डॉक्टरांनी व्हॅरेनिक्लिन किंवा ब्युप्रोपिऑन ही सिगारेट सोडवायची औषधं लिहून दिली तर दोन्हींनी खडा धरू शकतो, म्हणून आयबीएससाठी काय चालू आहे ते आधी सांगा.

मिश्री नको. घरात आजी-काकू ‘दात घासले की पोट साफ होतं’ म्हणतात, ते खरंही असतं, कारण तीही तंबाखूच. पाजपंढरीचा एक म्हातारा तांडेल मला रोज म्हणायचा, “काय रे, विडी नाय ओढत?”

“पोट बिघडलंय, काका.”

“मग ओढ की! मोकळं होशील.”

त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. बडीशेप पुढे करा.

सिगारेट सुटल्यावर भूक वाढते आणि हात डब्यात जातो. डब्यात काजू असतात. मूठमूठ काजू, काळ्या वाटाण्याची उसळ, फणसाचे गरे, मे महिन्यात ताटभर हापूस, यांनी आयबीएसचं पोट हमखास फुगतं. भात, साधा मासा, अंडं, थोडं कच्चटसर केळं निभावून जातं. पण नवीन पथ्य त्याच आठवड्यात सुरू करू नका, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. मी हिशेबनीस माणूस, वहीत दोन रकाने पाडले: तलफ किती वाजता, पोट कसं. तलफेचा जोर पहिल्या दोनतीन दिवसांत सर्वांत जास्त असतो, आणि एकेक झटका काही मिनिटांत ओसरतो. पोटाची तक्रार मात्र आठवडे रेंगाळते. रकाने शेजारीशेजारी असले की हे डोळ्यांना दिसतं.

तारीख कुठली? १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बंदर शांत, माणूस घरी, संडास हाताशी. आमच्यासाठी याहून बरा काळ नाही. गणपतीत सोडायच्या फंदात पडू नका. चाकरमानी आलेले, रात्रभर भजनं, दर तासाला चहा आणि बाहेर पडवीत धुराचा अड्डा.

शौचातून रक्त, वजन उतरणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, हे आयबीएसचं म्हणून सोडून देऊ नका. अल्सरेटिव्ह कोलायटिस नावाचा आतड्याचा वेगळा आजार काहींना सिगारेट सोडल्यानंतर डोकं वर काढतो. तेव्हा तपासणी करून घ्या, सिगारेट परत सुरू करू नका.

बोलायला कुणी हवं असेल तर तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट: १८००-११-२३५६. नंबर सिगारेटच्या पाकिटावरच छापलेला असतो.